मॅकवरचा मंगळ

कुठल्याही दोन गोष्टींची तुलना करायला सांगा, मी बाह्या सरसावून बसतो. त्यातून निष्पन्न काही होत नाही, पण तक्ता फार देखणा होतो. आमच्या साहेबांनी हे हेरलं असावं. पुण्याहून बंगळूरच्या कंपनीत येऊन मला वर्षही झालं नव्हतं, तोच त्यांनी बोलावून सांगितलं, की आपल्या गिऱ्हाइकांपैकी कोणी विंडोज वापरतं, कोणी मॅक, कोणी युनिक्स. तर तिन्हींवरची ऑफिसची सॉफ्टवेअर पडताळून बघ आणि कंपनीने कुठलं घ्यावं ते लिहून दे. शहाण्णव सालची गोष्ट. एका यंत्रावर लिहिलेला कागद दुसऱ्यावर उघडला की ओळखू येईलच, याची तेव्हा कोणी खात्री देत नसे. मी असा फुगलो की त्या दिवशी कॅन्टीनमध्ये कोणाशी बोललो नाही.

विंडोज माझ्या टेबलावरच होतं. युनिक्सचं यंत्र माझा मित्र उल्हास याच्या संशोधन संस्थेत होतं. मॅक मात्र सगळ्या ओळखीत एकाकडेच, चिकपेटमधल्या बिंदुमाधवरावांच्या छापखान्यात. साड्यांच्या खोक्यांवरची लेबलं आणि लग्नाची निमंत्रणं छापणारं हे मराठी घराणं, बंगळूरात पिढ्यान् पिढ्या मुरलेलं. मॅकवर बसायची त्यांची मुलगी कस्तुरी. आता खरं सांगून टाकतो. मॅक तपासायला एक शनिवार पुरला असता. मी दर शनिवारी जात होतो, कारण मला कस्तुरी आवडली होती आणि ते बोलून दाखवायची माझी छाती नव्हती. तिच्याशी मी समासांबद्दल बोलत असे. डावा समास झाला की उजवा.

चाचणीसाठी तिन्हीकडे एकच फाइल उघडायची, असं मी ठरवलं. तिच्यात फोटो हवा, तक्ता हवा, बारीक अक्षर हवं, रेघांची आकृती हवी. असं सगळं असलेला एकच कागद माझ्याकडे होता. आईने लग्नासाठी माझ्याकडून टाइप करून घेतलेली माझी माहिती! वर नाव, बाळ. वय तिशीला टेकलेलं. खाली उंची, शिक्षण, गोत्र. कोपऱ्यात टाय लावलेला फोटो, त्यात टाय बरा आलाय. आणि तळाला कुंडली, मी स्वतः रेघा ओढून काढलेली, घराघरात एकेक ग्रह नेऊन बसवलेली. यापेक्षा अवघड परीक्षा कुठल्या सॉफ्टवेअरची घेता आली असती? मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

लग्नाच्या मुलाने आपली पत्रिका घेऊन उपवर मुलीच्या घरी जावं आणि ‘जरा उघडून बघा’ म्हणावं, याचा आपल्या लोकांत काय अर्थ होतो, हे मला सुचलंच नाही. सुचायला डोक्यात तक्त्यांखेरीज दुसरं काही असावं लागतं.

उल्हासकडे फाइल उघडली, तर कुंडलीतले सगळे ग्रह गायब, नुसती रिकामी घरं. “इतका निर्दोष मुलगा शोधून मिळायचा नाही,” उल्हास म्हणाला. मी गंभीरपणे टिपून घेतलं. मग फ्लॉपी कस्तुरीकडे दिली. तिच्या हातात घाईचं काम होतं. “पुढच्या शनिवारी या, छापून ठेवते,” ती म्हणाली. पुढच्या शनिवारी तिने कागद हातात ठेवला. फोटो जागच्या जागी, तक्ता जागच्या जागी. फक्त मंगळ सहाव्या घरातून सातव्यात गेला होता.

“बघितलंत? आकृती सरकते!” मी जवळजवळ ओरडलोच. दुसऱ्याची चूक सापडली की मला फार बरं वाटतं.

“हो का,” कस्तुरी म्हणाली.

मॅकवर आकृत्या जागा सोडतात, असं मी अहवालात ठळक अक्षरांत लिहिलं. साहेबांनी मॅकवर काट मारली, विंडोजची ऑर्डर दिली आणि माझी पाठ थोपटली.

त्यानंतरच्या शनिवारी छापखान्याच्या दारात बिंदुमाधवराव, सगळ्या चिकपेटचे अण्णा, स्वतः उभे. “या बाळराव, स्वल्प बसा.” तोवर मी नुसता ‘मॅकवाले’ होतो. कॉफी चांदीच्या पेल्यातून आली, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

“आमच्या कस्तुरीला कडक मंगळ आहे, सातव्यात,” ते म्हणाले. “मंगळाच्या मुलीला मंगळाचाच मुलगा लागतो. स्थळं येतात, पत्रिका बघतात, परत जातात. तुमची पत्रिका टेबलावर बघितली आणि मी देवाला हात जोडले. तुम्हालाही सातव्यातच! आणि तुम्ही संकोचाने तोंडातून शब्द काढत नव्हता.”

“अण्णा, कुणा ज्योतिषाला दाखवलीत?”

“कशाला? छापलेली आहे की!”

जन्मभर स्वतः छापत आलेल्या माणसाचा छापलेल्यावर एवढा विश्वास! जे मागायची हिंमत नव्हती ते ताटात वाढून आलं होतं, पण एका चुकीच्या जोरावर. मला ती हवी होती, अगदी मनापासून हवी होती. मी म्हणालो, “विचार करून सांगतो.”

अण्णांचा चेहरा उतरला. “सरी, ठीक आहे. पण लौकर सांगा. बेळगावचा एक बिजवर आहे, मंगळाचा. मनाला येत नाही, पण मुलीला किती थांबवायचं?”

मी उठलो तो थेट आत गेलो. कस्तुरी मॅकसमोर बसली होती.

“मला मंगळ नाही,” मी म्हणालो. एवढ्यावर थांबलो असतो तर तो मी कसला. विंडोजवरचा समास आणि मॅकवरचा समास यांत केसाएवढा फरक कसा पडतो, त्यामुळे आकृतीतली अक्षरं कशी ढकलली जातात, हे मी तिला सविस्तर समजावून दिलं. माझा आवाज कापत होता, पण मुद्दा एकही सुटला नाही.

तिने सगळं ऐकून घेतलं. “मग बाकीचे ग्रह का नाही सरकले?”

सबंध अहवालात हा प्रश्न मला पडला नव्हता.

“मॅकवर काही सरकलं नव्हतं,” ती म्हणाली. “मी सरकवला. माउसने.”

“पण का?” जगातले सगळे मठ्ठ प्रश्न एकीकडे आणि हा एकीकडे.

ती लाल झाली. लाजून की चिडून, कळेना. “तुमची गाडी समासांच्या पुढे जाईना म्हणून! बेळगावला जाऊ मी?”

“पण माझा अहवाल...” असं काहीतरी मी पुटपुटलो. तिने माझ्याकडे असं पाहिलं की अहवाल, साहेब, कंपनी सगळं विसरलो. एवढा आनंद मला कधी झाला नव्हता, आणि इतका मूर्खही मी कधी दिसलो नसेन.

दारात अण्णा येऊन उभे राहिले. “काय ठरलं?”

“अण्णा, मंगळ सातव्यातच आहे,” मी म्हणालो. “तिन्ही यंत्रांवर तपासून पाहिलाय.”

अण्णा डोळे पुसत घरी सांगायला धावले. कस्तुरीने शेजारची खुर्ची माझ्याकडे ओढली आणि एक कोरी फाइल उघडली.

“आता माझी पत्रिका पुण्याला पाठवायची. तुमच्या आईंना मंगळाची सून चालेल?”

“छे, मुळीच नाही.”

“मग सांगा,” तिने माउस हातात घेतला, “कुठे ठेवू?”