कॉलरला दोन्ही हात लागतात

मित्रांनो, मी आहे एक जुनी शिलाई मशीन. अंग लोखंडाचं आणि स्वभावही तसाच. खोटं बोलले तर सुई मोडो माझी! शर्टांच्या कारखान्यात दुसऱ्या रांगेत मी पंधरा वर्षं राबले. मला चालवणाऱ्या बाईंना सगळे कॉलरवाल्या काकू म्हणत. त्या कॉलरचं टोक असं काढत, की मालकीणबाई गिऱ्हाइकांना ते मुद्दाम दाखवत.

पण कामावर देखरेख करणारे आमचे मास्तर! समोर माना खाली दिसल्या की काम चाललंय, असा त्यांचा समज. एक बाई दिवसभर एकच बाही उसवायची नि शिवायची. पण जागा सोडायची नाही, म्हणून ती त्यांची लाडकी.

मग काकूंच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या. काकू म्हणाल्या, "मास्तर, मशीन घरी नेऊ द्या. रोजच्या चाळीस कॉलरी देईन."

"घरी कोण काम करतं हो?" मास्तर हसले.

काकू हटल्या नाहीत. शेवटी मालकीणबाईंनी एक महिना दिला. काम घसरलं तर मशीन परत आणि नोकरीही गेली.

घरी काकू पहाटे बसायच्या, सासूबाईंना भरवायला उठायच्या, पुन्हा बसायच्या. खरं सांगते, मला तिथं फार बरं वाटलं.

आठव्या दिवशी भर दुपारी मास्तर न सांगता टपकले. माझ्यावर झाकण, आणि काकू सासूबाईंची वेणी घालताहेत!

"सापडलात ना! उद्याच मशीन उचलतो."

काकूंनी गठ्ठा पुढे ठेवला. "आजच्या चाळीस. बघा."

मास्तरांनी एकेक कॉलर उजेडात धरली, टोकं नखानं ओढून पाहिली. एकही खोट निघेना.

"बरं," ते पुटपुटले, "पण मी तासातासाला फोन करणार. तो उचलायचा."

"नाही उचलणार. फोनला एक हात लागतो, कॉलरला दोन्ही. काम हवं तेवढं तपासा. मी कधी बसते नि कधी उठते, ते माझ्यावर सोडा."

पलंगावरून सासूबाई म्हणाल्या, "अहो मास्तर, तुम्ही इथं, मग तिथं लक्ष कोण ठेवतंय?"

मास्तर चप्पल घालून पळालेच! पुढे मालकीणबाईंनीच हसत सांगितलं, त्या दुपारी कारखान्यात रोजच्यापेक्षा जास्त शर्ट निघाले होते.

महिना संपला. मी काकूंच्या घरीच आहे. मित्रांनो, आम्हा यंत्रांना वेळेवर तेल द्या, धूळ पुसा, आम्ही चालत राहू. माणसांना मात्र भरवसा द्यावा लागतो. आमचे मास्तर अजून तो कंजूषपणे देतात, पण देतात. आणि काकू सांगत होत्या, परवा ते स्वतः आणखी एक मशीन टेम्पोत चढवत होते, दुसऱ्या एका बाईच्या घरी पोचवायला.