तिसऱ्या पायरीवरचा धुरळा

अनिरुद्धरावांनी आयुष्यभर सर्व्हे ऑफिसात नकाशे काढले आणि त्या नोकरीनं त्यांना एक खोड लावून ठेवली. रेघ वाकडी दिसली की त्यांचं डोकं फिरायचं. गल्लीतला दिव्याचा खांब जरा तिरका झाला तर दोन दिवस घरात दुसरा विषय नसे. अशा माणसाच्या हातात निवृत्त झाल्यावर कॅमेरा आला, मग काय विचारता. सगळ्यात जास्त ताप झाला तो त्यांच्या बायकोला, राजमला.

राजमला जाऊन आता सात महिने झाले होते. वर्ष पाळायचं म्हणून या नवरात्रात घरात कोलू मांडला नव्हता. तंजावुरात राजवाड्यामागच्या त्या गल्लीत आमच्या मराठी घरांनी कितीही गोष्टी सोडल्या असतील, पण नवरात्रातल्या बाहुल्यांची आरास काही सोडली नाही. पायऱ्या लावायच्या, त्यावर पांढरी वेष्टी, म्हणजे धोतर, अंथरायची आणि देवांपासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांना आपापल्या जागी बसवायचं. राजमच्या नऊ पायऱ्या असायच्या. यंदा त्या कोपऱ्यात एक खुर्ची होती आणि खुर्चीवर वर्तमानपत्रांची चळत. बाहुल्या माळ्यावर, ट्रंकेत, जुन्या साड्यांच्या चिंध्यांत गुंडाळलेल्या.

शनिवारी दुपारी तिरुच्चीहून हरिता आली. ही अनिरुद्धरावांच्या धाकट्या भावाची मुलगी. अनिरुद्धराव-राजमला मूलबाळ नव्हतं, तेव्हा शाळेची सगळी वर्षं हरिता याच घरात वाढली. आता कॉम्प्युटरच्या कंपनीत होती. तिनं चप्पल काढायच्या आधीच काकांनी विचारलं, "लॅपटॉप आणलास की नाही?"

"आणला की. आधी कापी तरी प्यायला द्या, काका."

घाई होण्यासारखंच होतं. चौदा वर्षांपूर्वी काकांनी कुठल्याशा मासिकात एका प्रोग्रामविषयी वाचलं होतं. एकाच जागेचे शेदोनशे फोटो काढायचे, निरनिराळ्या बाजूंनी. ते इंटरनेटवर चढवायचे. मग तो प्रोग्राम फोटोला फोटो टाचत जातो आणि त्यातून अख्खी खोली उभी करतो, अशी की माउस धरून तिच्यात हिंडता यावं. काकांनी ते वाचलं आणि हट्टालाच पेटले. त्या वर्षीच्या कोलूचे त्यांनी दोनशेवर फोटो काढले आणि खरोखरच खोली उभी केली. पुढं घरात कोण पाहुणा आला की त्याला पाणी मिळायच्या आधी ती खोली दाखवली जायची. लोक कंटाळायचे, पण काकांपुढं बोलणार कोण.

आता ती साइट बंद होणार होती. उद्या रात्री बारापर्यंत जे काय उचलायचं ते उचला, असं पत्र आलं होतं. हरिता जुने फोटो एका नव्या साइटवर नेऊन खोली पुन्हा उभी करणार होती. फोटोंची सीडी काकांनी नकाशांच्या कपाटात जपून ठेवली होती, पाकिटावर तमिळ अक्षरांत तारीख घालून.

पण काकांना हवं होतं ते निराळंच. ते हरिताशेजारी खुर्ची ओढून बसले आणि सरळ बोलले.

"हरिता, त्यात मला तुझी काकू हवी आहे."

हरितानं लॅपटॉपवरून नजर उचलली.

"घरात तिचा धड फोटो नाही. भिंतीवरचा तो रेशनकार्डासाठी काढलेला, मोठा करून घेतला. त्यात ती घाबरलेली दिसते. माझी राजम कधी कोणाला घाबरली होती? मी एवढे फोटो काढत बसलो, देवळाचे, कालव्याचे, खांबांचे. तिचा एक नाही. पण या खोलीत ती कुठंतरी असणार. पदराचं टोक असेल, हात असेल, काहीही. तू शोध."

हरितानं जुनी खोली उघडली. नऊ पायऱ्या समोर आल्या. वर कलश, खाली लाकडी राजा-राणी, त्यांच्याखाली वाजंत्री, शेट्टी वाणी आणि त्याची जाडी बायको, आणि जमिनीवर राजमनं राळ्याचं शेत उगवून केलेलं छोटं गाव. माउस हलवला की खोली वळायची. दोघांनी कोपरा न् कोपरा पाहिला. समईमागं, दारात, आरशात. अर्धा तास गेला. राजम कुठं नव्हती.

"काका, हा प्रोग्राम जे स्थिर असतं तेवढंच ठेवतो," हरिता हळूच म्हणाली. "एकच वस्तू चार फोटोंत एकाच जागी दिसली तर त्याला ती ओळखू येते. जे हललं ते त्याच्या लेखी नाहीच. आणि काकू एका जागी कधी बसली होती?"

"मग फोटोंत बघ. सुट्या फोटोंत."

हरितानं सीडीवरचे सगळे फोटो एकेक करून पाहिले. बाहुल्या, बाहुल्या आणि बाहुल्या.

तेव्हा अनिरुद्धरावांना आठवलं. आठवायला नको होतं, पण आठवलं. पहिल्या अकरा फोटोंत राजम आली होती. त्यांनी कॅमेऱ्यातच ते पाहिले आणि तिथंच उभ्या उभ्या पुसून टाकले. वर तिला म्हणाले, "तू आत जा बघू. तू मधे आलीस की सगळं बिघडतं."

"मग मी कुठं थांबू?" तिनं विचारलं होतं.

"स्वयंपाकघरात थांब."

बाहेर कोलू पाहायला बायका यायला लागल्या होत्या. त्यांनाही या गृहस्थांनी ओसरीवरच अडवलं, फोटो संपेपर्यंत आत कोणी यायचं नाही म्हणून. समईची ज्योत हलू नये म्हणून खिडक्या बंद, पंखा बंद. राजम आत गेली. नवी साडी नेसली होती ती, मोरपंखी. एवढं मात्र त्यांना स्वच्छ आठवत होतं. आणि ते अकरा फोटो आपल्याच अंगठ्यानं पुसल्याचंही.

हे त्यांनी हरिताला सांगितलं. सांगताना आवाज फुटला, आणि मग ते रागावले, कारण त्यांना रडण्यापेक्षा रागावणं जास्त जमायचं. "जाऊ दे. नसेल तर नसेल. तू तुझं काम कर. आणि ते तिसऱ्या पायरीचं तेवढं नीट कर."

तिसऱ्या पायरीचं म्हणजे काय, ते सांगायला हवं. त्या सगळ्या खोलीत एकच खोट राहिली होती. तिसऱ्या पायरीवर आमच्या गावाची ती मान डोलावणारी बाहुली होती, पसरट घागऱ्यावर धड आणि धडावर तारेनं टेकवलेलं डोकं. धड शाबूत होतं, पण डोक्याच्या जागी नुसता ठिपक्यांचा धुरळा. चौदा वर्षं काका पाहुण्यांना सांगत आले होते, "तेवढ्यावर नजर देऊ नका, प्रोग्राम तिथं कच्चा आहे."

"नवा प्रोग्राम ते आपोआप भरून काढतो," हरिता म्हणाली. "करू का?"

"कर की. चौदा वर्षं डोळ्यांत सलतंय."

कापीचे दोन टंबलर रिकामे होईपर्यंत खोली पुन्हा उभी राहिली. हरितानं तिसरी पायरी जवळ आणली. बाहुलीला डोकं आलं होतं. भुवया, कपाळावरचं लाल बोट, केसांतली फुलं, सगळं कसं स्वच्छ, रेघेत. काकांनी चष्मा पुसून पाहिलं. उठून दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा पाहिलं.

"ही आपली वाटत नाही."

"काका, तीच आहे."

"आपली अशी ताठ उभी राहात नाही. तुझी काकू तिला राहू द्यायची का? येता-जाता टिचकी. बरी आहेस का गं, म्हणून विचारायची. ती मान डोलवायची. मग मला ऐकवायची, या घरात माझ्या बोलण्याला मान डोलावणारी ही एकटीच."

बोलता बोलता ते मधेच थांबले. नकाशे काढणारा माणूस, चूक दिसली की ती कशानं झाली हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. चौदा वर्षं त्यांनी प्रोग्रामला दोष दिला होता, कारण विचारलंच नव्हतं.

"हरिता, हिचं डोकं का उडालं होतं?"

"हललं असेल. वारा, पंखा."

"पंखा बंद होता. खिडक्या बंद होत्या. मीच केल्या होत्या."

हरितानं मग तिसऱ्या पायरीचे सगळे फोटो वेगळे केले आणि ते काढल्याच्या वेळेप्रमाणं ओळीनं लावले. सव्वीस होते. चार वाजून दहा मिनिटं, डोकं पुसट. चार अकरा, जरा कमी. चार तेरा, अगदी स्वच्छ. चार एकोणीस, पुन्हा पुसट. मग स्वच्छ. चार पंचवीस, पुसट. असं तासभर चाललं होतं, आणि थांबताना डोकं दर वेळी जरा वेगळ्या बाजूला कललेलं.

"कोणीतरी थोड्या थोड्या वेळानं हलवत होतं," हरिता म्हणाली. मग तिनं काकांकडं पाहिलं.

कोण, हे सांगायची गरज नव्हती. स्वयंपाकघरातून ओसरीवर जायला त्या घरात एकच वाट आहे, आणि ती या खोलीतून जाते. ओसरीवर बायका बसलेल्या. त्यांना हरभऱ्याचं सुंडल द्यायचं, विडा द्यायचा, कुंकू लावायचं. राजम स्वयंपाकघराच्या दारात ताटली घेऊन उभी राहात असणार. नवऱ्यानं कॅमेरा खाली घेतला, तो पायरीकडं पाठ करून काही बघायला लागला, की ही चटकन जायची. एकाही फोटोत आली नाही. सांगितलेलं तंतोतंत पाळलं. जाता जाता मात्र एक बोट पुढं करायची.

आणि त्यांना तेही आठवलं. त्या संध्याकाळी कॉम्प्युटरवर खोली पहिल्यांदा उभी राहिली, धुरळा दिसला, तेव्हा ते ओरडले होते, "या बाहुलीला हात कोणी लावला?" आतून भांड्यांच्या आवाजात राजमचं उत्तर आलं होतं, "मी फोटोत नाही ना? मग झालं तर." हसत होती ती. तेव्हा त्यांना ते हसू ऐकू आलं नव्हतं, आता चौदा वर्षांनी आलं.

अनिरुद्धरावांनी पडद्यावरच्या त्या ताठ, स्वच्छ बाहुलीवर बोट ठेवलं. "हे काढून टाक. धुरळा होता तसा ठेव."

"काका, नक्की? मग हे असंच राहील, कायमचं."

"पोरी, त्या अख्ख्या खोलीत माणूस आहे तो तेवढ्याच जागी. बाकी सगळी माती."

हरितानं मान खाली घातली आणि कळा दाबल्या. बाहुलीचं डोकं गेलं, ठिपके परत आले. काका किती तरी वेळ त्यांच्याकडं बघत राहिले, आणि त्यांनी रडण्याऐवजी रागावण्याचा प्रयत्नही केला नाही.

मग ते उठले आणि माळ्याला शिडी लावायला लागले. हरिता धावली. "काका, यंदा मांडायचं नसतं ना?"

"एक बाहुली म्हणजे कोलू नव्हे," काका म्हणाले. कायदा त्यांचाच, त्यामुळं वाद नव्हता. शिडीवर हरिताच चढली. ट्रंकेतून तिनं ती गुंडाळी खाली दिली. चिंधी सोडताना काकांचे हात थांबले, कारण ती चिंधी मोरपंखी होती. साडी जुनी झाल्यावर राजमनं ती फाडून तिच्यातच बाहुली बांधली होती.

त्यांनी खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलली, चिंधी अंथरली आणि तिच्यावर बाहुली ठेवली. हरितानं फोन पुढं धरला. "एक फोटो घेते. हात लावू नका हं, बिघडेल."

"बिघडू दे," काका म्हणाले.

ते खुर्चीसमोर खाली बसले, गुडघे दुखत होते तरी. चौदा वर्षांपूर्वी एका बाईनं त्यांना एक साधा प्रश्न विचारला होता आणि त्यांनी तिला चुकीची जागा सांगितली होती. त्यांनी एक बोट पुढं केलं.

"इथं थांब, राजम," ते म्हणाले आणि टिचकी मारली.

बाहुली मान डोलावत राहिली. हरितानं फोटो काढला आणि तो पुसट आला.