रायाजीचं कोरं कपाळ

कुणाचं पोट दुखतं, कुणाचं डोकं. राजशेखरचं दोन्ही दुखत होतं, आणि दुखण्याचं मूळ कडगंचीच्या शिवप्रसाद मास्तरांच्या भिंतीवर टांगलं होतं.

राजशेखरचं भालकीत खत-बियाण्यांचं दुकान. जीव मात्र जुन्या कॉमिक्सच्या मूळ चित्रांवर. छापखान्यात जाण्याआधी चित्रकारानं शाईनं काढलेली ती मोठाली पानं. त्यातही निंबर्ग्याच्या काशप्पांनी चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी काढलेला ‘घोडेस्वार रायाजी’. रायाजीची चार पानं त्याच्या कपाटात होती, आणि तो ती ओळख नसलेल्यालाही मोजून सांगायचा. पहिल्या अंकाचं मुखपृष्ठ तेवढं काशप्पांच्या बायकोकडे, सिद्धम्माकडे राहिलं होतं. त्यासाठी त्यानं सात खेपा घातल्या. म्हातारी दरवेळी चहा पाजायची आणि रिकाम्या हातानं पाठवायची. आणि हा मास्तर एकदाच गेला काय, चित्र घेऊन आला काय!

‘बघायला या,’ असा मास्तरांचा फोन आला तेव्हा राजशेखरनं मरेपर्यंत जायचं नाही असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, सकाळीच निघाला.

चित्र इतकं देखणं होतं की त्याला मास्तरांचा रागच आला. घोडा उधळलेला, रायाजीचा शेला वाऱ्यावर. हे आपल्या भिंतीवर हवं होतं. जळफळत तो चित्राजवळ गेला, खोट शोधायला. आणि खोट सापडली. रायाजीच्या कपाळावर तीन आडव्या रेघा होत्या.

“मास्तर, हे बनावट हाय,” तो म्हणाला. “छापील अंकात कपाळ कोरं हाय. मला पाठ हाय समदं.”

मास्तरांचं तोंड उतरलं. राजशेखरला त्या दिवशीचा चहा फार गोड लागला.

“चला, सिद्धम्मा अक्कालाच इचारू,” मास्तर म्हणाले. राजशेखर आनंदानं तयार झाला. मास्तरांची फजिती त्याला डोळ्यांनी बघायची होती.

निंबर्ग्यात सिद्धम्मानं सगळं ऐकून घेतलं.

“इबत्ती हाय ती,” ती म्हणाली. “मालक रायाजीला इबत्ती लावल्याबिगर घोड्यावर बसवतच नव्हते. छापणारे म्हणाले, एकाच जातीचा दिसाया नको, सगळीकडं खपला पायजे. आन् दर पानावर पांढरा रंग मारून पुसून टाकले. मालक चार दिवस धड जेवले न्हाईत. आता तो रंग वाळून झडायलाय, खालची इबत्ती वर यायलीय. ह्या सरांनी बघितलं आन् म्हणाले, अक्का, किती शोभायलीय ह्याला. म्हणून दिले.”

मग ती राजशेखरच्या कपाळाकडे बघत राहिली.

“सर मराठ्याचे, त्यांला ती आवडली. अण्णा, तुमी तर रोज लावताव. तुमाला कामून वळखू आली न्हाई?”

राजशेखरचा हात कपाळाकडे गेला.

“तुमच्या पानांवरचा रंग बी झडंल आता,” ती म्हणाली. “जपा. खाली मालकांचा हात हाय.”

“व्हय अक्का,” तो म्हणाला.

त्याच्या चारांतल्या एका पानावरचा रंग दोन वर्षांपूर्वीच झडला होता. खालून तीन रेघा वर आल्या होत्या. त्याला वाटलं, डाग पडला. छापील अंक शेजारी ठेवून, भिंग लावून, ब्लेडनं त्यानं त्या रेघा खरवडून काढल्या होत्या आणि वर नवा पांढरा रंग दिला होता. छापल्यासारखं कोरं कपाळ. ते पान तो सगळ्यांना आधी दाखवायचा.

परतताना गाडीत मास्तर पुन्हा खुशीत आले होते. त्यांच्या मनात काही राहिलेलं नव्हतं, आणि त्याचाही राजशेखरला हेवा वाटला.

“अण्णा, तुमची चार पानं कधी दाखवताव?” त्यांनी विचारलं.



“तीन हायत, मास्तर,” राजशेखर म्हणाला.