द्विवचनाची दुरुस्ती

तिलेनने बटण दाबलं आणि ‘गोलोब’ बनवणाऱ्यांतला एक माणूस कमी झाला.

पण तसं काही झालेलंच नाही असं धरून चालू. लॅपटॉप अजून मिटलेला आहे, त्याच्या झाकणावर आइस्क्रीमची वाटी ठेवली आहे, आणि समोर बसलेली उर्श्का व्हॅनिलावर भोपळ्याच्या बियांचं काळपट हिरवं तेल ओतते आहे. स्लोव्हेनियातल्या या मारिबोर शहरात आइस्क्रीम असंच खातात, त्यामुळे तिच्याकडे कुणी बघत नाही.

“दाब,” ती म्हणाली.

“आधी खाऊन घे.”

“मार्चपासून खातेच आहे. दाब.”

गोलोब म्हणजे कबूतर. दोघांनी मिळून केलेला ईमेलचा प्रोग्राम. ब्राउझरात उघडायचा, पैसे द्यायचे नाहीत, आतला कोड ज्याला हवा त्याने वाचावा, ज्याला हवा त्याने सुधारावा. अजून तरी कुणी वाचला नव्हता. वापरत मात्र होते: एक दातांचा दवाखाना, एक हौशी नाटकमंडळी आणि पोहोर्ये डोंगराच्या उतारावरचा मधमाशीपालक संघ. सुरुवातीलाच त्यांनी एक नियम केला होता. आपला बदल आपण मंजूर करायचा नाही, दुसऱ्याने वाचून करायचा. तेव्हा ते एकाच पलंगावर पाय पसरून काम करत, आणि मंजुरी हवी असली की कोपर मारलं तरी भागत असे.

आता उर्श्का ल्युब्ल्यानात राहत होती. वेगळं होण्याची बाकी सगळी कामं उरकली होती. मांजर तिच्याकडे, ओव्हन त्याच्याकडे, आणि सायकली चोरीला गेल्यामुळे तो प्रश्नच मिटला होता. उरली होती एवढी एक मंजुरी.

‘माहिती’ या पानावर तळाशी दोन शब्द होते: ‘नारेदिला स्वा.’ आम्ही दोघांनी केलं. नावं त्यांनी घातली नव्हती. लाज वाटली होती. स्लोव्हेन भाषेत एक आणि अनेक यांच्या मधोमध द्विवचन असतं. संस्कृतातल्यासारखं परीक्षेपुरतं पाठ करायचं नव्हे, रोज पाव आणताना लागणारं.

“आपण दोघं नाही,” उर्श्का म्हणाली, “तर दोघं कशाला लिहायचं? मी परदेशी लोकांना व्याकरण शिकवते. परवा एका विद्यार्थ्याने ते पान उघडून विचारलं, बाई, हे दुसरं कोण? काय सांगू?”

“सांगायचं, ओव्हनवाला.”

“तिलेन.”

“बरं बरं.”

तिने पाठवलेला बदल साधा होता. ‘स्वा’ काढून ‘सेम’ घालायचं. दोघांच्या जागी मी, म्हणजे एकटा तिलेन. त्याच बदलात प्रोग्रामला हात लावायचा तिचा अधिकारही काढून टाकायचा. तिलेनने तो मार्चमध्येच वाचला होता. नंतरही बऱ्याचदा वाचला होता. वाचून तो लॅपटॉप मिटायचा आणि ओव्हन पुसायला घ्यायचा. त्याच्या ओव्हनइतका स्वच्छ ओव्हन अख्ख्या गल्लीत नव्हता.

तेवढ्यात मधमाशीपालक संघाचे अध्यक्ष विंकोकाका टोपी काढत टेबलाशी आले. गोलोबबद्दलच्या तक्रारी ते मेलने पाठवत नसत. मेलच बिघडलं असेल तर ते पोचणार कसं, असं त्यांचं म्हणणं होतं.

“बरे सापडलात दोघं! पोरांनो, पाठवलेलं पत्र परत का बोलावता येत नाही?”

“गेलं ते गेलं, काका,” तिलेन म्हणाला.

“माझ्या माश्या येतात की संध्याकाळी.”

“माश्यांना घर असतं.”

“मग पत्राला बांधा एखादं! तुम्हा शिकलेल्यांना हेही आम्हीच सांगायचं?” ते खुर्ची ओढून बसले. “आणि चेहरे का असे? कुणी गेलं की काय?”

“अजून नाही,” उर्श्का म्हणाली. “हा बटण दाबत नाहीये.”

“दाब की रे. बाई एवढी लांबून आलीय.”

तिलेनने वाटी उचलून बाजूला ठेवली. झाकणावर तेलाचं गोल वर्तुळ उमटलं होतं. ते त्याने बाहीने पुसलं, पुन्हा पुसलं, लॅपटॉप उघडला, उर्श्काकडे पाहिलं आणि बटण दाबलं.

“झालं,” तो म्हणाला.

“काय झालं?” विंकोकाकांनी फोन काढला, गोलोब उघडला आणि ‘माहिती’चं पान नाकाजवळ धरून मोठ्याने वाचलं. “नारेदिला सेम. अगं उर्श्का! हे तू एकटीने केलंस? मग हा इतकी वर्षं काय करत होता?”

उर्श्काचा चमचा हवेतच थांबला.

‘नारेदिला’ दोघांचंही असतं आणि एकट्या बाईचंही. एकट्या पुरुषाने केलं असतं तर शेवटचा ‘आ’ गळायला हवा होता. घाईत तिने फक्त दुसरा शब्द बदलला होता. पहिला तसाच राहिला होता. स्वतःला काढायला निघालेल्या बाईने तिलेनला काढलं होतं.

“तुला दिसलं होतं?”

“मार्चमध्येच.”

“मग बोलला का नाहीस?”

“माझ्या चुका काढणं बंद कर, असं तूच म्हणाली होतीस.”

“ते भांडी घासण्याबद्दल होतं, गाढवा!” ती हसली, मग थांबली. “दुरुस्त कर. माझा अधिकार गेला आता.”

“करतो. मंजूर कोण करणार?”

विंकोकाकांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि उरलेलं आइस्क्रीम स्वतःकडे ओढलं.

उर्श्का चारच्या गाडीने गेली. तिलेन तिथेच बसून राहिला. मग त्याने गोलोबच्या पानावर दुरुस्तीऐवजी एक अर्ज नोंदवला, आणि ‘मंजुरी देणार’ या रकान्यापुढे काहीच लिहिलं नाही:

‘विषय: पहिल्या शब्दाच्या वाचनाबाबत. एकट्या बाईचं रूप आणि दोघांचं रूप दिसायला सारखंच असल्याने, ‘नारेदिला’ वाचताना वाचकांनी दर वेळी आधी दोघं धरावीत, आणि पुढचा शब्द येईपर्यंत त्यांना वेगळं करू नये. तसेच पुढचा शब्द शक्य तितका उशिरा यावा, अशी व्यवस्था संबंधितांनी करावी, ही विनंती.’