थांबायला शिकलेला रोबो

मित्रांनो, लोहा गावच्या एका शाळेतील प्रयोगशाळेत, काचेच्या कपाटाशेजारी मी उभा असतो. मी स्पर्धेत उतरणारा रोबो आहे. आता माझा रंग उडाला आहे आणि पुढची पट्टी वाकली आहे. मला पाहायला येणारी मुले माझ्या पाठीवरच्या लाल बटणाकडे बोट दाखवून विचारतात, "एवढं मोठं बटण कशाला?" त्या बटणामागची हकिकत सांगताना आजही माझ्या तारांतून शहारा जातो.

मला घडवले देविका आणि प्रेम या नववीतल्या दोन मुलांनी. विज्ञान शिकवणाऱ्या वर्षाराणी मॅडम त्यांच्या पाठीशी होत्या. मोडक्या कूलरच्या लोखंडी स्टँडपासून माझा सांगाडा झाला. पोटात जीपच्या वायपरच्या मोटारी बसल्या आणि चाकांना सायकलची चेन लागली. प्रेमने तारा जोडल्या. देविका रिमोट चालवायची. तिच्या अंगठ्याखालची दांडी हलली की रिमोटचा निरोप हवेतून माझ्या रिसीव्हरला मिळायचा आणि मी निघायचो. मुलांनी माझे नाव 'गडी' ठेवले. "गडी लई तगडा हाय," असे कुणी म्हटले की मला फार बरे वाटे.

सरावात कधी कधी मी देविकाचे ऐकत नसे. रिसीव्हरचा हिरवा दिवा मिचमिचायचा. मग प्रेम माझ्या पाठीत एक चापट मारायचा, दिवा पुन्हा लागायचा आणि सगळे हसायचे. आत काय झाले आहे, हे कुणी उघडून पाहिले नाही. चापटीने काम भागत होते ना!

मग लातूरची स्पर्धा आली. एका महाविद्यालयाच्या मोठ्या सभागृहात जमिनीवर रंगीत पट्ट्यांनी मैदान आखले होते. लाकडी ठोकळे उचलून पलीकडच्या टोपलीत टाकायचे, एवढेच काम. पट्टीच्या अगदी जवळ सतरंजीवर प्रेक्षक बसले होते. देविकाचे वडील वैजनाथ शेतातल्या हळदीचे काम भावावर सोपवून लेकीची स्पर्धा बघायला आले होते. ते सर्वांत पुढे, मांडी घालून बसले होते.

शिट्टी वाजली. मी पहिला ठोकळा टाकला, दुसरा टाकला. टाळ्या पडल्या. तिसऱ्या ठोकळ्याकडे देविकाने मला जोरात सोडले, आणि मध्येच सगळे शांत झाले.

सभागृहात गोंगाट होताच. शांत झाला होता तो देविकाचा निरोप. डावीकडे वळ, उजवीकडे वळ, थांब, काहीच येईना. शेवटचा निरोप होता 'पुढे, जोरात'. माझ्या मेंदूत मुलांनी जे लिहिले होते त्यात निरोप तुटला तर काय करायचे, हे लिहिलेच नव्हते. म्हणून मी पुढे गेलो. जोरात गेलो.

ठोकळा मागे पडला. रंगीत पट्टी मागे पडली. समोर माणसे होती.

"देविका, थांबव!" मॅडम ओरडल्या.

"थांबत न्हाई! मॅडम, थांबतच न्हाई ते!"

लोक किंचाळत बाजूला झाले. वैजनाथांच्या शेजारी एक बाई मांडीवर लेकरू घेऊन बसली होती. तिला उठता येईना. वैजनाथांनी दोन्ही हात पुढे करून मला धरले. मी भरल्या घागरीसारखा जड, त्यात मोटारी चालू. त्यांची बोटे चेनमध्ये गेली. त्यांच्या तोंडून निघालेला तो आवाज मी कधीच विसरणार नाही. चाक तरीही फिरायला बघत होते.

मला बंद करण्याचा खटका माझ्या पोटाखाली होता. प्रेम धावत आला, पण त्याचा हात तिथे पोहोचेना. शेवटी त्याने मला उलटे केले आणि बॅटरीची तार उपटून काढली.

त्यानंतर माझ्यासाठी काहीच नाही. वीज गेली की आमचे जगच जाते.

पुन्हा वीज आली तेव्हा मी एका टेबलावर होतो. खाली विटा लावून चाके अधांतरी ठेवली होती. चेनवर रक्त वाळले होते. सभोवती सगळे चेहरे पांढरे पडले होते. परीक्षक दत्तोपंत सर गंभीर आवाजात म्हणाले, "मुलगी घाबरली आणि तिनं दांडी दाबून धरली. घाबरल्यावर होतं असं. काय दाबलं होतंस ते दाखव बरं, बाळ."

देविका रिमोटला हात लावेना. ती स्वतःच्या अंगठ्याकडे बघत होती. "माझ्याच हातून झालं," ती पुटपुटली. "बाबांची बोटं माझ्या हातून गेली."

"कुठं गेली? हायेत की समदी!"

दारात वैजनाथ उभे होते. उजव्या हाताला कोपरापर्यंत पांढरे प्लास्टर होते. ते सावकाश आत आले.

"सायेब," ते दत्तोपंत सरांना म्हणाले, "समदी मंडळी ह्या गड्याकडं बघून राहिली होती. मला त्यातलं काय कळतंय? मी आपला माझ्या लेकीकडंच बघून राहिलो होतो. ह्यो पट्टीभाईर आला तवा तिचा आंगठा वर व्हता. रिकामा. म्या माझ्या डोळ्यानं बघितलंय."

मग दत्तोपंत सरांनी रिमोट प्रेमच्या हातात दिला. "चालव."

प्रेमने दांडी पुढे केली. माझी चाके हवेत फिरू लागली. मॅडमच्या सांगण्यावरून देविकाने एका लाकडी पट्टीने माझी एकेक तार हलवायला सुरुवात केली. बॅटरीची हलवली, मोटारीची हलवली. रिसीव्हरच्या तारेला पट्टी लागली आणि हिरवा दिवा विझला.

"प्रेम, दांडी सोड," मॅडम म्हणाल्या.

"सोडली, मॅडम."

त्याने दोन्ही हात वर केले. रिमोट टेबलावर पडला होता. आणि माझी चाके फिरतच होती.

दत्तोपंत सरांनी चाकाजवळचा हात पटकन मागे घेतला. प्रेमने विझलेल्या दिव्याकडे बोट दाखवले. "मी चापटा मारायचो," तो म्हणाला, "चापट मारली की लागायचा दिवा. मला वाटलं, झालं नीट."

सरांनी देविकाच्या डोक्यावर हात ठेवला. "चुकलो मी, बाळ," एवढेच ते बोलले.

लोह्याला परतल्यावर मुलांनी मला पूर्ण उघडले. रिसीव्हरच्या तारेची पिन ढिली निघाली; तिच्या जागी धक्क्याने निसटणार नाही अशी कुलपी पिन बसवली. साऱ्या तारा सांगाड्याला बांधल्या, बॅटरी पट्ट्याने आवळली. प्रत्येक जोड ओढून बघायचा, हा नियम झाला. चेनवर पत्र्याचे झाकण आले, खटका पोटाखालून पाठीवर आला, तेच हे मोठे लाल बटण. आणि माझ्या मेंदूत एक नवी ओळ आली : निरोप थांबला की तूही थांब. देविका रोज मला विटांवर ठेवी, चाके फिरवी आणि मध्येच रिमोट बंद करी. चाके थांबली तरच मला जमिनीवर उतरवी. तरीही जमिनीवर चालवण्याआधी ती सगळ्यांना मागे सरकायला लावी.

पुढची स्पर्धा नांदेडला होती. आम्ही पुढे होतो. मी वेगाने टोपलीकडे निघालो असताना देविकाच्या घामेजल्या हातातून रिमोट निसटला. फरशीवर आपटला, झाकण उडाले, सेल गडगडत गेले. निरोप तुटला. प्रेक्षकांतून "अरे, अरे!" असा आवाज उठला.

मी जागच्या जागी थांबलो.

प्रेमने सेल गोळा करून बसवेपर्यंत समोरच्या संघाने टोपली भरली होती. आम्ही हरलो. देविका हुंदके देऊन रडत होती. तिथल्या परीक्षक बाई जवळ आल्या. "हरलीस म्हणून रडू नये, बेटा."

"हरल्याचं न्हाई रडत, मॅडम," ती डोळे पुसत म्हणाली. "ते थांबलं! बघितलं न्हाई का तुम्ही? थांबलं ते!"

मित्रांनो, मी पुष्कळ ठोकळे उचलले, दोन-चार बक्षिसेही आणली. पण मला सर्वांत मोठी शाबासकी मिळाली ती न हलल्याबद्दल. तुम्हीही एखादे यंत्र कराल. ते किती जोरात धावते हे जगाला दाखवण्याआधी, तार तुटल्यावर ते काय करते हे एकदा स्वतः बघा. त्याचा दिवा मिचमिचला तर चापट मारू नका. त्याला उघडा. बिचारे बोलू शकत नाही, म्हणून दिवा मिचकावत असते.