बुलबुलांची शिरगणती

भांडारपाल नोकरीतून निवृत्त झाले, तरी त्यांची मोजणी काही निवृत्त झाली नव्हती. कारखान्याच्या भांडारात तीस वर्षं त्यांनी एकच नियम पाळला : डोळ्यांनी पाहिल्याखेरीज नोंद नाही. त्यामुळे परसातल्या जाईच्या वेलीत बुलबुलानं घरटं बांधलं, तेव्हा वहीत लगेच ओळ पडली : 'अंडी तीन. गुलाबीसर, तपकिरी ठिपके. स्थिती उत्तम.' रोज सकाळी मादी जरा उठून गेली, की काठीला बांधलेला दाढीचा आरसा वर जायचा आणि साठा तपासला जायचा.

बायकोचं शिवणयंत्र परसाकडच्या खिडकीशीच होतं. "अहो, बाळंतीण आहे ती, गोदाम नव्हे," सुईत दोरा ओवता ओवता ती म्हणायची.

तेराव्या दिवशी अंड्यांवर काट मारून त्यांनी 'पिल्लं तीन' लिहिलं आणि असे मिरवले, की जणू अंडी यांनीच उबवली होती. पुढे पिल्लं वाढली, एकमेकांच्या अंगावर रेलून झोपायला लागली आणि पानांआडून आरशात दोनच चोची दिसू लागल्या. आता नोंद दोनची करायची की तीनची? पिल्लं निघाल्याच्या सहाव्या दिवशी बायको शिवलेले कपडे पोचवायला गेली, तेवढ्यात यांनी तिचीच कात्री घेतली आणि घरट्यासमोरच्या चार डहाळ्या छाटून टाकल्या. पिल्लं तीन भरली. पण दुपारचं ऊनही थेट घरट्यात यायला लागलं, आणि कुंपणावरच्या शेजारच्या बोक्यालाही सगळं नीट दिसायला लागलं.

"मोजायचं म्हणून लेकरांचं छप्पर उडवलंत?" बायको कडाडली. "तेही माझ्या कापडाच्या कात्रीनं!"

तेव्हापासून अबोला. भांडारपालांनी वेलीला छत्री बांधली, बोक्यावर पहारा द्यायला खुर्ची टाकली. चूक तेवढी कबूल केली नाही. चहाचा कप समोर आदळायचा, तेवढाच संवाद.

अकराव्या दिवशी आंघोळ करून त्यांनी आरसा वर धरला, तर घरटं रिकामं. पिल्लांना अजून धड शेपटीसुद्धा फुटली नव्हती, उडणार कशी? आणि रोज हजर असणारा बोका आज नेमका गैरहजर! वेलीच्या बुंध्याशी त्यांनी पीस शोधलं, मिळालं नाही. वही उघडली. डोळ्यांनी पाहिलं होतं, नियमाप्रमाणे शून्य लिहायला हरकत नव्हती. तरी त्यांनी वही तशीच मिटली. दुपारचं ताट समोर गार झालं. आत शिवणयंत्र आपलं खडखडतच होतं.

शेवटी ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. "माझ्यामुळे मेली गं ती. तू बोललीस तेच खरं. मोजायच्या हौसेपायी मी त्यांना बोक्याच्या तोंडी दिलं."

यंत्र थांबलं. "कोण मेली?"

"पिल्लं."

"इश्श! ती सकाळीच बाहेर पडली. तुम्ही आंघोळीला होतात. दोघं पटापट उड्या मारून गेली. तिसरं मात्र अगदी तुमच्या वळणावर. फांदीवर पाव तास हटून बसलं. शेवटी आईनं अळी दाखवून नेलं त्याला. मेंदीच्या कुंपणात आहेत सगळी. नीट उडता येईपर्यंत तिथेच भरवतील."

"आणि बोका?"

"त्याच्या मालकिणीला सांगून आलेय मी. दोन दिवस घरात कोंडून ठेवणार आहे."

भांडारपाल खिडकीजवळच्या स्टुलावर बसले. "सकाळपासून तुला माहीत होतं? मग सांगायचं नाही का?"

"सांगणार कसं? आपला अबोला होता ना. आधी तुम्ही बोलायचं होतं."

त्यांना काही म्हणायचं होतं, पण तेवढ्यात चोचीत हिरवी अळी धरून बुलबुल मेंदीत शिरला आणि आत कलकलाट उडाला. भांडारपाल ताडकन उठले.

"बसा खाली!" बायको दबक्या आवाजात ओरडली. "आरशाला हात लावाल तर बघा!"

ते बसले. नर बाहेर आला, मादी आत गेली. पुन्हा कलकलाट, या वेळी कुंपणाच्या पार दुसऱ्या टोकाला. किती गळे होते कोण जाणे. भांडारपालांनी गार झालेलं ताट खिडकीतच मागवलं, आणि दोन घास पोटात जाताच म्हणाले, "आमटी आहे का गं अजून?"