बाबूभाईंचा तळवा

"रेस कमी करा, चैतूभाऊ! हां, आता बंद करा!" बाबूभाईंनी बांधावरून ओरडून सांगितलं. चिखलणी करता करता छोटा ट्रॅक्टर भाताच्या बांधीच्या मधोमध थांबला. तापमानाचा काटा लाल पट्ट्यात जाऊन बसला होता आणि बॉनेटमधून वाफ निघत होती.

तीन दिवसांतली ही दुसरी खेप. परवा बाबूभाईंनी पंख्याचा पट्टा ताणला, जाळीतलं गवत काढलं, थर्मोस्टॅट बदलला आणि छातीठोकपणे सांगितलं, "रेडिएटर एकदम सही हाय." आरमोरीपासून पार जंगलातल्या टोल्या-पाड्यांपर्यंत बाबूभाईंचा शब्द शेवटचा मानला जाई. तो खोटा पडला, याचा चैतूला रागापेक्षा अचंबाच वाटत होता.

"असं कसं झालं जी? तुमी त हात लावून सांगता," तो म्हणाला आणि विहिरीवरून पाणी आणायला गेला.

हात लावूनच तर घोटाळा झाला होता. गरम रेडिएटरवर तळवा फिरवायचा. जिथं गार लागेल तिथल्या नळ्या गाळानं बुजलेल्या. ही विद्या बाबूभाई विशीत बल्लारपूरला एका उस्तादाकडे शिकले आणि पुढं चाळीस वर्षं तिच्यावरच त्यांचं नाव चाललं. काय दिवस होते ते! ट्रॅक्टर रांगेत उभे असत. मोहल्ल्यातल्या बायका तर पोरांना घेऊन येत, "बाबूभाई, जरा पाहा ना, ताप हाय का?" ते कपाळाला तळवा लावून सांगत, आणि आतून त्यांची बायको फरहत हसे, "गाड्यांचा डॉक्टर आता माणसांचाबी झाला!" फरहत गेली त्याला सहा वर्षं झाली.

मागच्या हिवाळ्यात चहाचा वाफाळता ग्लास त्यांनी मुठीत धरला आणि तो गरम लागलाच नाही. शुगर होतीच, तिनं हात खाल्ले. बाबूभाईंनी मुलीलाही सांगितलं नाही. परवा रेडिएटर सगळीकडे सारखा लागला, तेव्हा सारखा म्हणजे चांगला, असं त्यांनी स्वतःलाच पटवलं. ते खोटं आहे हे त्यांना तेव्हाच कळलं होतं, पण बोलवेना.

आताही त्यांनी चिखलात उतरून बॉनेट उघडलं आणि तळवा टेकवला. डोळे मिटून वाट पाहिली.

"बाबूभाई, हात काढा जी!" चैतूची बायको सोमारी लावणीच्या पऱ्ह्यांची पेंढी टाकून धावली. तिनं त्यांचं मनगट ओढलं. तळव्यावर फोड टरारला होता. तिनं फोडाकडे पाहिलं, मग त्यांच्या तोंडाकडे.

"दुखत नाई?"

बाबूभाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "काईच समजत नाई, सोमारीबाई," ते हळूच म्हणाले.

"मंग काऊन नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं त मले कोण बलावलं असतं?"

इंजिन जरा निवू दिल्यावर बाबूभाईच म्हणाले, "तुमी लावा हात."

"मी? मले काय समजते त्यातलं?"

"तेंदूपत्त्याचं पोतं आतून तापलं, ते कसं समजते तुमाले?"

"हात घातला का समजते."

"बस, तसंच. फक्त इथी गार शोधा."

सोमारीनं पदराला हात पुसला आणि जाळीवर बिचकत टेकवला. "इथी गरम... इथीबी गरम..." हात खाली सरकला. "हा खालचा कोपरा गारच हाय जी. वीतभर."

"वीतभर?" बाबूभाईंचा आवाज एकदम तरुण झाला. "अन् त्याच्या बाजूले?"

"तिथी कोमट."

चैतू घागर घेऊन परतला तेव्हा बाबूभाईंनी दरडावूनच विचारलं, "पाणी कुठचं टाकत होते याच्यात?"

"बांधीतलंच," चैतू ओशाळला. "गरम झाला का ओंजळीनं टाकत होतो. बैल काय विहिरीचंच पाणी पेत होता?"

बाबूभाईंना हसू आवरेना. मग गुडघाभर चिखलात उभं राहून त्यांनी रेडिएटर सोडवला. विहिरीवर नेऊन मोटारीचा पाइप खालच्या तोंडाला लावला आणि पाणी उलटं सोडलं. वरून काळी माती निघाली, ती निघतच राहिली.

"कसं सापडलं जी?" चैतूनं विचारलं.

"बाबूभाईनंच शोधलं," सोमारी पटकन म्हणाली.

बाबूभाईंनी तिच्याकडे पाहिलं. श्रेय घेतलं असतं तर खपून गेलं असतं. "नाई," ते म्हणाले. "बाईनं शोधलं. माहा हात गेला, चैतूभाऊ. परवा मी चुकीचं सांगतलं तुमाले."

चैतूनं मोटार बंद केली. मग त्यानं वाकून दुसऱ्या बाजूनं रेडिएटर उचलला.

दुपारी ट्रॅक्टर फिरू लागला. चार वळणं झाली, पाच झाली, काटा मधेच राहिला. बाबूभाई बांधावर बसले होते. त्यांनी फोड आलेला हात बांधीच्या पाण्यात सोडला.

"सोमारीबाई," त्यांनी विचारलं, "पाणी थंड हाय का?"

तिनं शेजारी बसून पाण्यात हात घातला.

"हाय जी. लय थंड हाय."

"बरं," बाबूभाई म्हणाले, आणि त्यांनी हात तसाच पाण्यात ठेवला.